मुखपृष्ठावरची बाई

'खाकी लडी' ही कादंबरी मी शहात्तराव्या वर्षी पहिल्यांदा वाचली आणि माझं डोकं फिरलं. कादंबरी चांगली आहे. तेच तर दुखणं आहे. ती निघाली तेव्हा आमच्या मिलमधल्या चार माणसांनी जरी उघडून वाचली असती, तरी मीराबाईचं आयुष्य वेगळं गेलं असतं.

पुस्तक माझ्यापर्यंत आलं ते मयुरामुळे. मयुरा माझ्या भावाची नात. धरमपेठेत एका प्रकाशकाकडे काम करते. विसरलेली जुनी पुस्तकं शोधून ते लोक नव्यानं छापतात. तिचा फोन आला, "आजी, बांगलादेशच्या युद्धाच्या वेळी तू मिलमध्ये होतीस ना? त्या मिलवरची एक कादंबरी सापडली आहे रद्दीत. नानाजी वैरागडे म्हणून कोणी लेखक होते."

कोणी काय! नानाजी फाटकाशी बसून हजेरी मांडायचे. डोळे बारीक, कान लांब. बायका आत जाताना काय बोलतात, बाहेर येताना काय बोलतात, सगळं ऐकायचे आणि आपण ऐकतच नाही असं दाखवायचे. मी मॅट्रिक झालेली, म्हणून मला मशीनवर न घेता मिलच्या पाळणाघरात घेतलं होतं. लढाई सुरू होणार म्हणून खाकी कापडाचं काम आलं होतं. रंगवलेल्या सुताच्या लड्या कांड्यांवर भरायचं काम बायकांचं. तो रंग हाताला लागायचा आणि जेवणाच्या सुटीत बायका लेकरांना पाजायला आल्या की लेकरांच्या गालांनाही लागायचा. दुपारी माझ्या पाळणाघरात सगळी खाकी गालांची पोरं असायची. ही गोष्ट मी कोणालाही सांगितली नव्हती. नानाजींच्या पुस्तकात ती आहे, सत्ताविसाव्या पानावर.

मयुराकडे एकच प्रत होती. तिनं ती महिनाभरासाठी मला आणून दिली. मी पिशवीतून बाहेर काढली तर मुखपृष्ठावर मीराबाई उभी.

म्हणजे चित्र. पण मीराबाईच, कांड्या भरणाऱ्या बायकांतली. कमरेवर डबा, खोचलेला पदर, हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके, डाव्या भुवईत खोक. एक चित्रकार तेव्हा फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर येऊन बसायचा. मीराबाईनं त्याला झापलंही होतं, "काय पाहून राहिला रे? तुह्या घरी बायका नाहीत काय?" तो हसला आणि काढत राहिला.

याच चित्रानं तिचा घात केला. पुस्तक निघालं तेव्हा मी लग्न होऊन बालाघाटला गेले होते, त्यामुळे पुढचं मला नंतर कळलं. कवडू नावाचा एक तेलवाला होता. तेलाची झारी घेऊन तो मशीनींना तेल द्यायला सगळ्या खात्यांतून फिरायचा आणि तेलाबरोबर बातम्याही द्यायचा. युनियनच्या ऑफिसात त्यानं पुस्तक पाहिलं. वर मीराबाईचा चेहरा. मध्येच कुठंतरी त्यानं अक्षरं जुळवत वाचलं, की यातली बाई एका फिटरबरोबर पळून जाते. झालं. संध्याकाळच्या भोंग्यापर्यंत मिलभर झालं की नानाजीनं मीराबाईवर पुस्तक लिहिलं आणि तिचं बाहेरचं सगळं छापून टाकलं. मीराबाईचा नवरा चंपतराव रेल्वेच्या मालधक्क्यावर होता. त्याला पानठेल्यावर कोणीतरी विचारलं, "काय गा चंपत, वहिनी पुस्तकात गेली म्हणे?"

दुसऱ्या दिवसापासून मीराबाईची मिल बंद. तिचं हजेरीचं टोकन चंपतरावानं स्वतः नेऊन परत केलं. ज्या खात्यात ती सगळ्यांत पुढं होती, जिथं तिच्या कांड्या कधी खराब म्हणून परत येत नसत, त्या खात्याला ती पुन्हा दिसली नाही. मग धरमपेठेतल्या बंगल्यांत भांडी. डोळे जाईपर्यंत भांडीच. चंपतराव मरेपर्यंत भांडणात एकच शब्द फेकायचा, "पुस्तकवाली."

मी परत नागपूरला आले तोवर नानाजी गेले होते. पुस्तक कुठंच मिळेना, आणि मीराबाईसमोर त्याचं नाव काढायची सोय नव्हती.

आता मी ते वाचलं. त्यातली पळून जाणारी बाई गेंदा. ती ठेंगणी आहे, गोरी आहे, विधवा आहे, रायपूरकडची आहे आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत छत्तीसगढी बोलते. मीराबाई काटोलकडची, उंच, काळी, आणि तेव्हा चंपतराव चांगला धडधाकट होता. मी पुन्हा पहिल्यापासून चाळलं. रॉकेलच्या रांगा आहेत, दिव्याचा उजेड बाहेर जाऊ नये म्हणून काळ्या रंगानं माखलेल्या काचा आहेत, उसना गूळ आहे, कोणाच्या पायाला गळू झालंय तेही आहे. मीराबाई नाही. मीराबाईसारखीही कोणी नाही.

मला रडू यायला हवं होतं. राग आला. कोणावर काढावा तेही कळेना, कारण ज्यांच्यावर काढावा ते सगळे फोटोत जाऊन बसले आहेत.

मीराबाई नागपूरला लागून असलेल्या वाडीला राहते, माझ्यापासून दोन गल्ल्या पलीकडे, गोदामांच्या मागच्या खोलीत, मुलाकडे. काचबिंदूनं तिला आता उजेड आणि सावली एवढंच कळतं. कान मात्र शाबूत. मी गेले तेव्हा ती लसूण सोलत होती.

"मीराबाई, एक पुस्तक वाचून दाखवू काय?"

"कोणतं?"

"नानाजीचं."

लसूण सोलायची थांबली. "बाहेर फेक ते, कामिनी."

"आधी ऐक तर."

"पन्नास वर्सं तेच ऐकून राहिली ना मी. तुह्या तोंडून आणखी कायले ऐकू?"

"तू नाहीस त्यात."

"काय?"

"तू नाहीस. कुठंच नाहीस."

तिनं हातातला लसूण खाली ठेवला. मग चिडलीच. "असं कसं नाही? त्याच्यावरून मले घरी बसवलं अन् मीच नाही? नीट पाह्यलं काय तू? चष्मा होता ना डोयावर?"

"दोनदा वाचलं."

"मंग तिसऱ्यांदा वाच. माह्यासमोर. एक अक्षर सोडू नको."

म्हणून रोज दुपारी वाचन सुरू झालं. ते काही सोपं नव्हतं. बाहेर ट्रक मागं घेतात तेव्हा त्यांची पिपाणी वाजते, क्लीनर ओरडतात, आणि माझा आवाज आता पूर्वीचा नाही. त्यात मीराबाई प्रत्येक ओळीला अडवायची. "हे कवाचं? ही कोण? ही सुभद्रा तर नाही?" नानाजींनी हातांच्या बोलण्यावर अख्खं प्रकरण लिहिलं आहे. शेजारी मागांचं खातं, आवाजात कानाशी ओरडलं तरी ऐकू जात नसे, म्हणून मिलची माणसं हातांनी बोलायची. मुकादम आला, धागा तुटला, दोरीवर वाळत टाकलेलं पावसात भिजलं असेल, सगळं हातांनी. मीराबाईनं ते प्रकरण ऐकता ऐकता हवेत हात फिरवले. "बरोबर हाये. हेही बरोबर. हे चुकलं, असं नाही, असं." तिच्या हातांना सगळं आठवत होतं.

लढाई जिंकल्याच्या दिवसाचं प्रकरण मला सगळ्यांत आवडतं. त्यात कोणी नाचत नाही. बायका पेढा खातात आणि आता जादा पाळी बंद होणार म्हणून एकमेकींकडे पाहतात. मीराबाई म्हणाली, "तो पेढा आंबला होता." मी म्हटलं, "तसं लिहिलंय पुढं." तेव्हा ती पहिल्यांदा हसली.

मग गेंदा पळून जाते ते प्रकरण आलं. मी हळूहळू वाचलं. मीराबाई भिंतीला टेकून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "ही तर छत्तीसगढी बोलून राहिली."

"हो."

"मले येते काय छत्तीसगढी?"

"नाही."

"चंपतले माहीत होतं मले येत नाही."

मी पुस्तक मिटलं.

"वाचता येत होतं त्याले," ती म्हणाली. "पेपर वाचे तो रोज. उघडून पाहाले किती वेळ लागते वं? दोन पानं. दोन पानांत समजलं असतं."

त्या संध्याकाळी मी मयुराला फोन केला. तिला सगळं सांगितलं आणि म्हटलं, नव्या आवृत्तीवर ते चित्र नको, आणि ठेवायचंच असेल तर आत छापा की चित्रातली बाई कादंबरीतली नाही.

"आजी, मुखपृष्ठ तर तेच ठरलंय," ती म्हणाली. "सगळ्यांना फार आवडलंय. चेहरा किती जिवंत आहे!"

"जिवंतच आहे ती. वाडीला राहते."

"हो गं, पण असं स्पष्टीकरण कोणी छापतं का? उलट लोक विचारतील, का छापलं म्हणून. मी सरांना विचारून बघते."

विचारलं असेल तर उत्तर मला अजून कळलेलं नाही. पुन्हा फोन केला तर ती मीटिंगमध्ये. पुन्हा केला तर प्रेसमध्ये. सगळे माझ्याशी इतकं गोड बोलतात की भांडताही येत नाही. आता तो चेहरा हजारभर प्रतींवर पुन्हा छापला जाणार, आणि पहिल्या पानावर गेंदा.

मीराबाईला हे सांगितलं तर तिनं हातानं उडवून लावलं. "त्याइले कोण ओळखते? मले ज्याइले सांगाचं हाये त्याइले सांगू." आणि ती नावं घेऊ लागली. सुभद्रा? गेली. दामोदर फिटर? गेला. पानठेलेवाला बळीराम? तो तर केव्हाच. एकेक नाव घ्यायची आणि मी "गेली", "गेला" म्हणायची. मला माझ्याच तोंडाची चीड यायला लागली.

"कवडू?"

कवडू होता. मिल बंद पडल्यावर तो उमरेडला मुलाकडे गेला. मुलगा कोळशाच्या खाणीत लागला होता. कवडू जिवंत आहे एवढं मला माहीत होतं.

"मंग झालं तर," मीराबाई म्हणाली. "ज्यानं लावलं त्यालेच सांगू."

तिचा मुलगा नको म्हणाला. सूनही नको म्हणाली. या वयात, या डोळ्यांनी, कशाला? मीराबाईनं लुगडं बदललं आणि दारात जाऊन उभी राहिली. आम्ही ऑटोनं गणेशपेठच्या स्टँडवर गेलो आणि उमरेडची एस.टी. धरली. एकीला दिसत नाही आणि दुसरीचे गुडघे वाकत नाहीत. कंडक्टरनं विचारलं, "लग्नाले चालल्या काय आजी?" मीराबाई म्हणाली, "भांडाले."

कवडूचं घर सापडलं. अंगणात बाजेवर तो उन्हात बसला होता, वाळून एवढासा झालेला. त्याची सून रीना बाहेर आली. मी म्हटलं, आम्ही मिलमधल्या, यांच्याशी बोलायचं आहे.

"बोला, पण बाबांले कायी ऐकू येत नाही," रीना म्हणाली. "मिलनंच कान खाल्ले त्याइचे. कानातली मशीन आणून देल्ली, थे शिट्टी वाजवते म्हणून लावत नाहीत."

मला तिथंच परत फिरावंसं वाटलं. एवढं सगळं करून इथवर यावं आणि त्या माणसाला ऐकूच येऊ नये! तरी मी पुस्तक काढलं आणि त्याच्या डोळ्यांपुढं धरलं. त्यानं मान मागं घेतली, डोळे बारीक केले आणि बहिरी माणसं बोलतात तसा गल्लीभर ऐकू जाईल असा ओरडला, "मीराबाई!"

समोर मीराबाई उभी होती, तिच्याकडे पाहिलंही नाही. चित्राकडेच पाहून ओरडत होता. "हेच थे पुस्तक! हेच! रीना, पाह्य वं, सांगत नव्हतो मी?"

रीनाचे डोळे मोठे झाले. माझ्याकडे, मग मीराबाईच्या हनुवटीकडे तिनं पाहिलं. "अगं बाई! तुमीच काय त्या? बाबा नेहमी सांगतात तुमची गोष्ट. फिटरसंगं गेल्या होत्या थ्या!" आणि तिनं वाकून मीराबाईच्या पाया पडायला घेतलं. "लय हिंमत मावशी तुमची. त्या काळात!"

मीराबाईनं पाय मागं घेतले. "कोण गेलं वं? मी नाही गेली!"

शेजारच्या दोन बायका कुंपणाशी आल्या होत्या. कवडूनं आता मीराबाईला ओळखलं. त्याचा चेहरा उजळला. "मीराबाई! चांगलं केलं तू! चंपत्या काय कामाचा होता?" तो सगळ्या गल्लीला सांगत होता. "आमच्या मिलमध्ये अशी बाई नव्हती! पुस्तक निघालं अन् आठ दिवसांत गायब! कोणाले सांगतलं नाही, बोलली नाही, सरळ निंघून गेली!"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. त्यानं मिलभर सांगितलं, म्हणून चंपतरावानं तिला घरी बसवलं. आणि ती मिलमध्ये दिसेना, म्हणून यांना वाटलं ती पळूनच गेली. आपलंच बोलणं खरं झालेलं पाहून कवडू पन्नास वर्षं खूश होता. आणि वर तिला शाबासकी देत होता.

मी त्याच्या कानात ओरडले, "ती नव्हे! गेंदा दुसरी!" तो हसून मान हलवत राहिला.

मीराबाईनं माझा दंड धरून मला बाजूला केलं. बाजेच्या अगदी पुढं जाऊन उभी राहिली आणि हात वर घेतले. हनुवटीवर तीन बोटं टेकवली: मी. मग अंगठा खांद्यावरून मागं, आणि लगेच तळवा आडवा: गेली नाही. कवडूचं हसू थांबलं. तिनं पुन्हा केलं. मग कांडी भरायचा हात केला, भर भर, रोज, रोज. मग मनगट दुसऱ्या हातानं पकडून खाली बसवलं. मला हातांची बोली येत नव्हती, मी पाळणाघरातली. पण तेवढं मलाही कळलं.

"चंपतनं बसवलं?" कवडू म्हणाला. आवाज पहिल्यांदा खाली आला होता. "घरी? मंग तू गेली नाही?"

तळवा आडवा.

"मंग त्यानं काहून बसवलं?"

मीराबाईनं बोट पुढं केलं. ते नेमकं त्याच्याकडे नव्हतं, बाजेच्या खुराकडे होतं, तिला दिसत नव्हतं ना. पण त्याला समजलं. तो मांडीवरच्या हातांकडे पाहत बसला.

"काय करून राहिला तो?" तिनं मला विचारलं.

"खाली पाहतो आहे."

"बोलून नाही राहिला?"

"नाही."

"त्याले म्हण, जसं मंघा वरडून सांगतलं ना, तसंच सांग. मी गेली नाही म्हणून. सगळ्याइले ऐकू जाऊ दे."

ते मी त्याला कसं सांगणार होते? तिनंच हात तोंडाशी नेऊन उघडले, दोनदा. कवडूनं इकडे तिकडे पाहिलं. कुंपणाशी आता कोणी नव्हतं. कुकरची शिट्टी झाली होती, बायका आत गेल्या होत्या. "मीराबाई नाही गेली," तो म्हणाला. हे तो इतकं हळू म्हणाला की मलाच जेमतेम ऐकू आलं. मीराबाईनं पुन्हा हात उघडले. तो पुन्हा म्हणाला, थोडं मोठ्यानं. मग रीनाला म्हणाला, "चहा ठेव," आणि अंगावरची चादर डोक्यावरून घेतली.

चहा आम्ही घेतला. नागपूरच्या बसची वेळ झाली होती, ती चुकली असती तर पुढची फार उशिरा होती. मी मीराबाईला हात दिला आणि आम्ही फाटकापर्यंत आलो. रीना सोडायला आली होती. ती माझ्या कानाशी लागली.

"मावशी, बाबा आता म्हातारे झाले, कोणी काय म्हटलं की हो म्हणतात. पण खरं सांगा ना मले. गेल्या होत्या ना त्या?"

मी तोंड उघडायच्या आधीच मीराबाई थांबली. तिचे कान शाबूत आहेत, म्हटलं ना. मला वाटलं आता ती रीनाला फाडून खाणार. तिनं तसं काही केलं नाही. हातानं चाचपून ओटा शोधला आणि त्यावर बसली.

"ये वं पोरी, बस. कामिनी, पुस्तक काढ."

"मीराबाई, बस जाईल."

"जाऊ दे. गेंदा पयल्यांदा येते, तिथून वाच. थे कशी बोलते ते नीट वाचून दाखव इले."

रस्त्यावर बस येऊन थांबली आणि निघून गेली. रीना पदरानं हात पुसत ओट्याच्या दुसऱ्या टोकाला टेकली. आत कुकर होता, तिचं लक्ष अर्धं तिकडे. माझा घसा आधीच बसला होता. मी पहिलं पान उघडलं आणि वाचायला लागले, आणि दुसऱ्याच ओळीला मीराबाईनं मला अडवलं.

"मोठ्यानं," ती म्हणाली.